साखर घातल्यानंतर

शनिवारी दुपारी सव्वातीनला वैजयंतीने साखरेचं पाणी पाच गॅलन बिअरमध्ये सोडलं, लांब दांड्याच्या चमच्याने हलक्या हाताने दोनदा फिरवलं, आणि तेवढ्यात पुढच्या दाराची बेल वाजली.

तिच्या नवऱ्याने, श्रीनिवासने दार उघडलं. पॅसेजमध्ये बुटांचे आवाज आले, "या, या" झालं, आणि मग शशिकांत प्रधानांनी घसा खाकरला. मराठी मंडळाचे अध्यक्ष घसा खाकरून सुरुवात करतात तेव्हा पुढे काहीतरी अप्रिय असतं, हे लीड्समधल्या झाडून सगळ्या मराठी माणसांना ठाऊक होतं. त्यांच्या पाठोपाठ त्यांच्या बायकोचा, यमुनाचा आवाज आला आणि मग सेक्रेटरी पद्माकरचा. तिघं एकदम आले होते, म्हणजे ठरवूनच आले होते.

वैजयंतीने बादलीकडे पाहिलं. एकदा साखर घातली की ताटकळत ठेवता येत नाही. निपचित पडलेलं यीस्ट त्या साखरेवर पुन्हा जागं होतं, आणि त्यातून सुटणारा वायू बाटलीत कोंडला गेला तरच बिअरला फेस येतो. बादलीत उघडी राहिली तर फेस हवेत जातो आणि हवेतलं नको ते बिअरमध्ये येतं. ओट्यावर चाळीस तपकिरी बाटल्या निर्जंतुक करून उलट्या घालून ठेवल्या होत्या. सोळा दिवसांचं काम होतं. तिने सायफनची नळी उचलली.

"वैजू," श्रीनिवासने दारातून डोकं आत घातलं, "शशिकांत आलेत. पाच मिनिटं बाहेर येतेस का?"

"मला हलता येणार नाही. त्यांनाच आत बोलवा."

श्रीनिवास जागचा हलला नाही. तो भूल देणारा डॉक्टर होता. कुणालाही न दुखवता वेळ निभावून न्यायची त्याला सवय होती. "बरं दिसेल का ते?"

"साखर घातली आहे," ती म्हणाली.

हे सगळं सुरू झालं होतं दीड वर्षापूर्वी, शेजारच्या ॲकरॉइडमुळे. ॲकरॉइड बस डेपोतून रिटायर झालेला मेकॅनिक. तीस वर्षं गॅरेजमध्ये स्वतःची बिअर करायचा. पण बायको गेल्यानंतर त्याची प्रत्येक खेप आंबट होऊ लागली. बायको असताना सगळं धुणं-घासणं ती करायची, हे त्याने बऱ्याच उशिरा कबूल केलं. एक दिवस कुंपणापलीकडून तो वैजयंतीला म्हणाला, "लव्ह, तू जंतूंचंच काम करतेस ना? मग माझ्या बिअरला काय झालंय सांग." यॉर्कशायरमध्ये बसवालासुद्धा बाईला 'लव्ह' म्हणतो, हे अंगवळणी पडायला वैजयंतीला दोन वर्षं लागली होती.

ती मुंबईची मायक्रोबायॉलॉजीतली एमएस्सी. इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सतरा वर्षं काढलेली. तिने ॲकरॉइडची बिअर एका नमुन्याच्या बाटलीत घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत मायक्रोस्कोपखाली ठेवली. यीस्टच्या गोल पेशींच्या मधे बारीक काड्यांसारखे जंतू दिसले. तिने त्याचं पिंप तपासलं, बादली तपासली, नळी तपासली, आणि शेवटी पिंपाच्या प्लॅस्टिकच्या तोटीत आतून पडलेला चरा सापडला. तोटी बदलली. पुढची खेप स्वच्छ उतरली. ॲकरॉइडने पहिला ग्लास तिला दिला. तोवर तिने आयुष्यात बिअर चाखली नव्हती. ती कडू होती, आणि वैजयंतीला लहानपणापासून कारलं आवडायचं.

मग तिने स्वतःची बिअर करायला घेतली. त्याचं कारण ती कुणाला नीट सांगू शकली नसती. लॅबमध्ये तिने शोधलेल्या गोष्टींखाली सही दुसऱ्याची असायची. वरची जागा तीनदा रिकामी झाली आणि तिन्ही वेळा दुसऱ्याला मिळाली. तिसऱ्या वेळी तर तिनेच शिकवून तयार केलेल्या माणसाला. तिन्ही वेळा ती घरी येऊन म्हणाली होती, जाऊ दे. इथे मात्र जवाचं माल्ट तिने मोजलं, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं तिने उकळली, घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा रोज तिने वहीत लिहिला, आणि जे बनलं ते चांगलं किंवा वाईट, तिचं होतं.

श्रीनिवासला आधी गंमत वाटली. मग बाटल्या वाढत गेल्या तशी ती कमी झाली. हे सगळं निदान गॅरेजमध्ये ठेव, असं त्याने सुचवलं. पण बिअर आंबायला ऊब लागते, आणि घरात उबेची जागा एकच, गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. थंडीत इडलीचं पीठ ती तिथेच ठेवायची. आता त्याच्या शेजारी बादली आली.

यंदाच्या हळदीकुंकवाला यमुनाने टॉवेल काढायला ते कपाट उघडलं. आत बादलीच्या झाकणावरची काचेची नळी बुडबुडत होती.

"अगं, हे काय बुडबुडतंय?" यमुनाने विचारलं. मागे आठ-दहा बायका उभ्या होत्या.

इडलीचं पीठ म्हणून सांगता आलं असतं. शेजारीच होतं ते. पण वैजयंती म्हणाली, "बिअर. मी केली आहे."

त्यालाही आता पाच आठवडे झाले होते. एवढ्या दिवसांत मंडळात काय काय बोललं गेलं ते तुकड्यातुकड्यांनी तिच्या कानावर आलं होतं.

शशिकांत स्वयंपाकघरात आले तेव्हा त्यांच्या हातात ग्लास होता. पद्माकरच्याही. पाहुणे आले की श्रीनिवासचा हात आपोआप व्हिस्कीच्या कपाटाकडे जायचा, तसा तो आजही गेला होता. यमुना फ्रिजला टेकून उभी राहिली. तिच्या हातात काही नव्हतं.

वैजयंतीने पहिली बाटली नळीखाली धरली. बिअर तळापासून चढू लागली. तोंडापासून इंचभर जागा राहिली तशी तिने नळी चिमटली आणि दुसरी बाटली घेतली.

"वहिनी," शशिकांतनी घसा खाकरला, "तुम्ही एवढ्या शिकलेल्या. आम्ही काय सांगावं तुम्हाला."

"सांगा ना. मी ऐकतेय."

"मंडळात चर्चा आहे. यू नो हाऊ पीपल आर. तुम्ही मुलांचा मराठीचा वर्ग घेता दर शनिवारी. मुलं लहान आहेत. पेरेंट्सना वाटतं..."

"काय वाटतं?"

उत्तर यमुनाने दिलं. "मुलं घरी विचारतात, वैजयंतीमावशी दारू गाळते का म्हणून."

"मग त्यांना सांग, गाळत नाही. गाळणं वेगळं. ते इथे बेकायदा आहे. ही आंबवलेली असते." वैजयंतीने तिसरी बाटली भरली. "घरी प्यायला बिअर करायला या देशात त्रेसष्ट सालापासून परवानगी लागत नाही. मी विकत नाही, वर्गात नेत नाही, कुणाला आग्रह करत नाही."

"प्रश्न कायद्याचा नाही," शशिकांत म्हणाले. "शोभण्याचा आहे."

"तुमच्या हातात काय आहे, भाऊजी?"

शशिकांतनी ग्लासाकडे असं पाहिलं, जसं काही कुणी तो आत्ताच त्यांच्या हातात कोंबला होता. "घेणं वेगळं आणि घरात करणं वेगळं."

"कसं वेगळं?"

त्यांनी पद्माकरकडे पाहिलं. पद्माकर तसा भला माणूस होता. दातांचा डॉक्टर. सेक्रेटरीचं काम दुसरं कुणी घेईना म्हणून त्याच्या गळ्यात पडलेलं. त्याने बिअरकडे पाहिलं.

"पद्माकरभाऊजी, ते झाकणांचं भांडं इकडे द्या," वैजयंती म्हणाली.

त्याने दिलं. देण्यासाठी ग्लास खाली ठेवावा लागला. तिने पत्र्याचं झाकण बाटलीच्या तोंडावर ठेवलं, दोन दांड्यांचं यंत्र त्यावर बसवलं आणि दाबलं. खट् झालं. पद्माकरने वाकून पाहिलं.

"हे जॅम होत नाही?" त्याने विचारलं.

"तिरकं धरलं तर होतं. बघा करून."

शशिकांत मंडळाच्या प्रतिष्ठेबद्दल बोलत होते. आपण इथे पाहुणे आहोत, आपल्याकडे लोक बोट दाखवतात, आपल्या बायकांचं या समाजात एक स्थान आहे, असं ते म्हणत होते, आणि दर वाक्याला मागून खट् होत होतं. पद्माकरला हातोटी जमली होती. तेराव्या बाटलीला शशिकांत म्हणाले, "पद्माकर, तुमचं लक्ष आहे ना?" तो ओशाळून थांबला. मग भरलेल्या पाच बाटल्या समोर साचलेल्या दिसल्या तसा पुन्हा यंत्राकडे वळला.

"थोडक्यात सांगतो," शशिकांत म्हणाले. "तुम्ही एक ओळ लेखी द्या, की यापुढे घरी मद्य तयार करणार नाही. विषय संपला. नाहीतर पुढच्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे, तिथे ठराव येईल. मग वर्गही दुसऱ्या कुणाकडे द्यावा लागेल. आय डोन्ट वॉन्ट टू डू इट."

"ठराव काय आहे?"

पद्माकरने हात पुसून खिशातून कागद काढला. "मंडळाच्या सभासदांनी स्वतःच्या घरी मद्य तयार करू नये."

"बास, एवढंच?"

"एवढंच."

श्रीनिवास दारात उभा होता.  आता तो हळू आवाजात म्हणाला, "वैजू, देऊन टाक ना लिहून. एक ओळ तर आहे. जाऊ दे."

वैजयंतीच्या हातात एकतिसावी बाटली होती. ती भरून तिने बाजूला ठेवली. जाऊ दे. हेच शब्द तिने स्वतः तीनदा म्हटले होते, आणि प्रत्येक वेळी त्यानंतर तिला बरं वाटेल असं तिने धरलं होतं. तसं एकदाही वाटलं नव्हतं.

"नाही देणार," ती म्हणाली. "आणणार असाल तर ठराव आणा. मी सभेला येईन."

शशिकांतनी उरलेली व्हिस्की एका घोटात संपवली. यमुना त्यांच्या हाताकडे बघत होती. मग ती बाहेर गाडीत जाऊन बसली.

पुढच्या रविवारी दुपारी भाड्याने घेतलेल्या चर्चच्या हॉलमध्ये अडतीस माणसं जमली. आठवडाभर श्रीनिवास घरात जपून वावरत होता. सभेला तो आला, पण तिच्या शेजारी न बसता मागच्या रांगेत बसला. तिने ते पाहिलं आणि मान पुन्हा समोर वळवली.

पद्माकरने विषयपत्रिका वाचली. शेवटून दुसरा विषय ठरावाचा होता. त्याने तो वाचला तेव्हा कुणी वैजयंतीकडे पाहिलं नाही, म्हणजे सगळ्यांचं लक्ष तिच्याकडेच होतं.

"कुणाला काही बोलायचं आहे?" अध्यक्षांच्या खुर्चीतून शशिकांतनी विचारलं.

वैजयंती उभी राहिली. भाषण तिने तयार केलं होतं. रात्री पाठही केलं होतं. उभं राहिल्यावर तिला ते नकोसं वाटलं.

"ठराव मला अपुरा वाटतो," ती म्हणाली. "मद्य वाईट असेल तर ते कुणी केलं यावर ते अवलंबून नसावं. मी उपसूचना मांडते. 'तयार करू नये' याच्या पुढे एवढं घालावं, 'विकत आणू नये, घरात ठेवू नये, आणि पिऊ नये.' ही उपसूचना मंजूर झाली तर मी ठरावाच्या बाजूने मत देईन, आणि घरी जाऊन चाळीस बाटल्या ओतून टाकीन. सगळ्यांसमोर सांगते आहे."

मागे कुणीतरी हसायला लागलं आणि मधेच थांबलं.

शशिकांतनी घसा खाकरला. "उपसूचनेला अनुमोदन लागतं. आहे का कुणाचं?"

कुणाचा हात वर आला नाही. वैजयंतीने हे गृहीत धरलं होतं. अनुमोदन मिळणार नाही, उपसूचना पडेल, आणि मग ती एवढंच म्हणेल की आता मूळ ठरावाला कोणत्या तोंडाने हात वर करणार तेवढं बघू. तिला तेवढंच पुरे होतं.

"माझं आहे."

पहिल्या रांगेत यमुना उभी राहिली होती. दोन्ही हातांनी तिने पर्स पोटाशी धरली होती. नवऱ्याकडे ती बघत नव्हती. तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे होती.

"माझं अनुमोदन आहे," ती पुन्हा म्हणाली, आणि बसली नाही.

शशिकांतच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते बायकोकडे अशा नजरेने बघत होते की वैजयंतीने नजर दुसरीकडे वळवली. तेवढ्यात एका कडेने बायकांचे हात वर जाऊ लागले. मतदान पुकारलंसुद्धा नव्हतं. चार, सहा, नऊ. वयाने मोठ्या सुमनताई, ज्यांनी आजवर कुठल्याही सभेत तोंड उघडलं नव्हतं, त्यांचा हात सगळ्यांत उंच होता. पुरुष एकमेकांकडे बघत होते. आपल्या घरातली कपाटं त्यांच्या डोळ्यांपुढे आली असावीत.

पद्माकरने वाकून अध्यक्षांच्या कानात काहीतरी सांगितलं.

"वेळ कमी आहे," शशिकांत म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "मूळ ठराव मी मागे घेतो. त्यामुळे उपसूचनेचा प्रश्न येत नाही. पुढचा विषय."

वर आलेले हात थोडा वेळ तसेच राहिले. मग एकेक खाली आले.

सभा संपल्यावर चहा होता. दोघा-तिघांनी वैजयंतीला "वेल डन" म्हटलं. ती चहाच्या टेबलाशी गेली तेव्हा यमुना कपात साखर घालत होती.

"यमुना," वैजयंती म्हणाली, "थँक्यू."

"तुझ्यासाठी नाही केलं मी."

"माहीत आहे."

"नाही, तुला माहीत नाही." यमुना ढवळत राहिली. "तुला त्यांना फक्त गप्प करायचं होतं. ते झालं. मला ते खरंच मंजूर व्हायला हवं होतं. मला वाटलं, हात मोजतील. कुठेतरी लिहिलं जाईल." तिने चमचा बशीत ठेवला. "तुझी ती बादली बघितली ना, तेव्हा मला वाटलं, आता हिच्यापण घरात हेच. म्हणून मी बोलले सगळ्यांना. दुसरं काही नाही."

 आपण जिंकलो आहोत हे दहा मिनिटांपूर्वी वैजयंतीला पक्कं वाटत होतं.

"किती वर्षं झाली त्यांच्या पिण्याला?" तिने विचारलं.

"इथे आल्यापासून." यमुनाने कप उचलला आणि सुमनताईंच्या शेजारी जाऊन बसली.

परतताना श्रीनिवास गाडी चालवत होता. घराच्या वळणावर तो म्हणाला, "मी तुझ्या शेजारी बसायला हवं होतं."

"हो," वैजयंती म्हणाली. ते मऊ करण्यासाठी तिने पुढे काही जोडलं नाही.

वर्ग तिच्याकडेच राहिला. दोन घरांनी मुलं पाठवणं बंद केलं. सातातली पाच उरली. त्यांतल्या एका मुलीने पुढच्याच शनिवारी हात वर करून विचारलं, "मावशी, बिअर तो असतो का ती असतो?" वैजयंतीने फळ्यावर लिहिलं, ती बिअर, आणि असतो नाही, असते. बाकीच्या चौघांनी ते वहीत उतरवून घेतलं.

तीन आठवड्यांनी तिने पहिली बाटली उघडली. ॲकरॉइडने ग्लास खिडकीच्या उजेडात धरला, घोट घेतला, आणि आपली बायको असताना निघायची तशी झाली आहे म्हणाला. त्याच्या तोंडून याहून मोठी प्रशंसा निघाली नसती. तिची पुढची खेप तेव्हा कपाटात बुडबुडत होती. त्याच आठवड्यात तिने लॅबच्या वरिष्ठांना दोन पानी पत्र लिहिलं, तीन वेळा तिला का डावललं याची कारणं लेखी मागणारं. श्रीनिवासने ते टाइप करून दिलं. त्याने त्यातला एकही शब्द सौम्य करायला सुचवला नाही.

मे महिन्यात शशिकांत आणि यमुना आले. निमित्त एका लग्नाच्या आमंत्रणाचं होतं. शशिकांत नेहमीच्या खुर्चीत बसले आणि श्रीनिवास सवयीने उठला.

"मी चहा टाकला आहे," वैजयंती म्हणाली.

"चहा नंतर होईल," शशिकांत हसले. "श्री, जरा..."

"या घरात तुम्हाला चहा मिळेल, भाऊजी. तो केव्हाही मिळेल."

श्रीनिवास कपाटापाशी पोचला होता. त्याचा हात दाराच्या मुठीवर होता. त्याने वैजयंतीकडे पाहिलं, यमुनाकडे पाहिलं, आणि परत येऊन बसला.

"दिस इज रिडिक्युलस," शशिकांत म्हणाले. "घरात बिअरचा कारखाना आहे, आणि मला चहा."

"हो."

"कोणत्या अधिकाराने?"

"घर माझं आहे," वैजयंती म्हणाली. "बिअरही माझी आहे. ती कुणाला द्यायची आणि कुणाला नाही ते मी ठरवते."

ते उठून जातील असं तिला वाटलं. ते अर्धवट उठलेही. यमुना मात्र जागची हलली नाही. ट्रेमधला कप तिने स्वतःच उचलला होता आणि ती फुंकर घालत सावकाश पीत होती, जणू तिला आज कुठेही जायची घाई नव्हती. तिला सोडून एकट्याने निघणं शशिकांतना जमेना. ते पुन्हा बसले. त्यांच्यासमोरच्या चहावर साय धरली. लग्नाची तारीख, हॉल, वॉटफर्डहून येणारे पाहुणे, असं यमुना आणि श्रीनिवास बोलत राहिले. बऱ्याच वेळाने शशिकांतनी कप जवळ ओढला, बोटाने साय बाजूला सारली, आणि तो गार चहा प्यायले.